बिशपचे डोळे

आबा, तो बिशप परत आलाय. पुतळ्याचा रंग उडाला म्हणून चर्चवाल्यांनी पाठवलाय. सकाळपासून आपल्या हमरापूरच्या कारखान्यात, गणपतींच्या रांगेत उभा आहे आणि माझं कशात म्हणून लक्ष लागत नाही. एकच पितांबर दोनदा चुकला.

आठवतं, रोह्याकडचे फादर त्याची ऑर्डर घेऊन आले होते? चहा पिता पिता त्यांनी सगळी हकिगत सांगितली. आठशे वर्षांपूर्वीचा स्पेनमधला बिशप, मोठ्या सरदार घराण्यातला. काकाही बिशपच, त्याच्यामागे गादी या पुतण्याला मिळाली. वाट्याची जमीन विकून याने आजाऱ्यांसाठी घर बांधलं. बहीण त्याच्याहून हुशार, त्याचे ग्रंथ तीच लिहून काढायची. तिला मठात धाडली. तुम्ही म्हणालात, गादी घरातच राहिली ते बरं झालं. मी विचारलं, मग बहिणीचं काय? तर तुम्ही मला कप उचलायला लावलेत.

आपल्या घरात डोळ्यांची आखणी बाईने करायची नाही, हा तुमचा नियम. सोंड रंगवा, मुकुट रंगवा, डोळे मात्र तुमचे, आणि तुमच्यामागे तुमच्या पुतण्याचे, म्हणजे आपल्या दादाचे. मी पोटची असून! पण बिशप तयार झाला तेव्हा ब्रश माझ्या हातात देऊन तुम्ही म्हणालात, "काढ गो तू. हा काय देव नाय, माणूस हाय." मला मेलीला दुसरे डोळे येत होते कुठे? तुमच्या पाठीमागे उभी राहून जे बघत आले, तेच काढले. तुम्ही कितीतरी वेळ त्याच्यासमोर उभे राहिलात, मग हात धुवायला गेलात. पुढच्या वर्षी आखणी दादाकडेच दिलीत. तुम्हाला कळलं होतं ना, आबा? कळूनही दिलीत ना? तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली, हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही.

दुपारी दादाने ओल्या फडक्याने बिशपचा चेहरा पुसला आणि थांबला. बाकी सगळं रंगवा, पण डोळ्यांना कुणी हात लावायचा नाही म्हणाला. मग माझ्याकडे न बघताच बोलला, "आपल्या गणपतीचे डोळे हायत हे. आबांचा हात. मला जन्मात नाय जमले असे."

माझे आहेत, एवढं तोंडाशी आलं होतं. मी पितांबराचा ब्रश उचलला. हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून कबूल करते. मला राग यायला हवा होता. आणि मी मात्र दुपारपासून 'आबांचा हात' एवढ्यावरच खूश आहे.