राहिलेल्यांना हाक

अण्णा, मी एकदा राजूरला गेले होते, ते तुम्हाला सांगायचं राहिलं. सांगणार तरी कसं, तुम्ही जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. बहात्तरच्या दुष्काळाआधीचा हिवाळा. मी नगरला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते, खोलीवर एकटी, आणि रविवार मला खायला उठायचा. एस.टी. स्टँडवर लोककलांच्या मेळ्याचा कागद चिकटवलेला दिसला आणि मी सरळ तिकीट काढलं. असलं काही आधी पाहिलंच नव्हतं. तुमच्या पोस्टाच्या क्वार्टरमध्ये रेडिओवरची भजनं तेवढी लागायची, तीही हळू आवाजात.

दुपारी मैदान भरलं. सगळे घोळक्याने आलेले, भाकरीची फडकी सोडून एकमेकांच्या पोरांना दटावत बसलेले. मी आपली पर्स मांडीवर घट्ट धरून. ढोलवाले झाले, मग गोंधळी उभे राहिले. गोंधळ मांडायचा तर आधी देवांना बोलवावं लागतं, त्यांच्या गावासकट. तुळजापूरची देवी झाली, माहूरची झाली, नगरकडच्या मोहट्याची झाली. मग म्हातारा गोंधळी समोरच्या लोकांकडे वळला. ज्याचं जे दैवत ते तो ओरडून सांगायचा, म्हातारा त्याला हाक घालायचा, आणि त्या घरची माणसं किती ऐटीत हात जोडायची! फिरत फिरत त्याची नजर माझ्यावर आली.

“बाई, तुमचं दैवत कंचं?”

“ठाऊक नाही.”

“म्हायेरचं सांगा, न्हाईतर सासरचं. कायतरी आसंलच की!”

सासर नव्हतं. माहेर म्हणजे तुम्ही. शेजारची बाई नवऱ्याला म्हणाली, “सोताचा देव ठाव न्हाई? आसं कुटं आसतं व्हय?” खरं सांगते अण्णा, तेव्हा मला तुमचा भयंकर राग आला.

मी लहान असताना तुमची बदली झाली त्या बेलापूरचं स्वयंपाकघर. आईला जाऊन वर्ष झालंय, तुम्ही पिठलं हाटताय आणि मी विचारतेय, आपलं गाव कुठलं? “बदली होईल ते.” मी हट्टालाच पेटलेय, सगळे देवीला गावी जातात, आपण कधी जायचं? तुम्ही पळी आपटता. “ज्यांनी मला दारात उभं केलं नाही, त्यांची चौकशी तू करायची नाही.” कोणी, का, ते मी पुन्हा कधी विचारलं नाही. बाणा तुमचा होता, पोरकेपण मात्र माझ्या वाट्याला आलं. पिठलं त्या दिवशी खाली लागलं, तसंच आपण दोघांनी खाल्लं.

म्हातारा हसला नाही. “ऱ्हाऊ द्या,” म्हणाला, “ज्यांचं ठाव न्हाई, त्यांची बी सोय हाय आमच्याकडं.” सगळ्यांचं झाल्यावर त्याने संबळाचा ठेका चढवायला लावला आणि ज्यांची नावं घ्यायची राहिली त्या सगळ्यांना एकदम हाक मारली. त्या हाकेकडे कोणाचं लक्ष नव्हतं, ज्याचे त्याचे देव येऊन बसले होते. मैदानात मी एकटीने हात जोडले.

आता माझेही केस पिकले. तुमचं गाव सापडलं नाही, मी फारसं शोधलंही नाही. हे पत्र कुठे टाकणार नाहीये. पत्ता नसलेल्या पत्राचं काय होतं ते तुमच्यासारख्या पोस्टमास्तरला मी काय सांगावं! एवढंच कबूल करायचं होतं, की त्या हाकेला मी देवाला बोलावलं नाही. तुम्हाला बोलावलं. आणि मागे वळून पाहिलंसुद्धा.