कानउघाडणी

३ जून

चि. भिंगरीस,
मामाचे अनेक आशीर्वाद. यावेळी त्यातला एक कापून घेतला आहे, का ते पुढे वाच.

काल तुझी मॅच मी, मामी आणि तुझी आई अशी तिघांनी पाहिली. अकरावं मानांकन मिळालेली आपली मुलगी पात्रता फेरीतून आलेल्या पोरीकडून पहिल्याच फेरीत हरली. वाईट वाटलं, पण हार-जीत चालायचीच. हस्तांदोलन झाल्यावर मात्र तू रॅकेट जमिनीवर आपटलीस, तीही एकदा नाही, तीनदा, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. प्रेक्षकांनी हुर्यो केली. तुझ्या आईने टीव्ही बंद केला आणि घड्या घातलेले कपडे उलगडून पुन्हा घड्या घालत बसली.

एकतीस वर्षं मी या दुकानात टेनिसच्या रॅकेटींचं गटिंग करतो आहे. तुझ्या पहिल्या रॅकेटपासून आजवर तुझ्या रॅकेटमध्ये दुसऱ्या कुणी तार ओवलेली नाही. काम झालं की मी तार बोटाने छेडतो, कानाशी धरतो, टण् असा आवाज आला तरच रॅकेट पिशवीत घालतो. अशी वस्तू तू फोडलीस. तीही मी मे महिन्यात पाठवलेल्या तिघींमधली.

तर आता त्या मुलीला स्वतःच्या हाताने माफीचं पत्र लिही. मोडलेली रॅकेट आणि उरलेल्या दोन्ही मला परत पाठव. माफी मागितल्याचं कळेपर्यंत मी तुझ्या गटिंगला हात लावणार नाही. फोन करू नकोस, हल्लीचे फोन नुसते कुजबुजतात. काय ते लिहून कळव.

रागावलो आहे, पण लोभ जागच्या जागी आहे.
तुझा मामा


११ जून

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.
कापलेला सोडून बाकीचे आशीर्वाद पोचले. मोजून घेतले.

तू लिहिलंस ते सगळं खरं. मला माझी बाजू मांडायची नाही. त्या मुलीला पत्र लिहिलं, तिचं उत्तरही आलं. गेल्या वर्षी तिनेही दोन फोडल्या होत्या म्हणे, पण तेव्हा तिच्या कोर्टावर कॅमेरा नव्हता. आयोजकांनी मला दंड केला, तो भरला. आईला सांग की चूक झाली, पुन्हा होणार नाही.

मोडलेली रॅकेट तिथल्याच कचऱ्याच्या डब्यात गेली. उरलेल्या दोन पाठवते आहे, जोडीला एक कोरी. त्या दोघींच्या तारा मी कापून टाकल्या आहेत. प्रवासात उगाच अडचण.

आमच्या नव्या प्रशिक्षकांना मी मनातल्या मनात वजनकाटा म्हणते. माझी झोप, माझं पाणी, बुटाच्या नाडीची लांबीसुद्धा मोजतात. मॅच संपल्यावर त्यांना रॅकेटींचा ताण मोजायचा होता, पण मोजायला काही उरलं नव्हतं. तेव्हापासून एकच धोशा लावलाय, की स्पर्धेच्या जागी गटिंग करणारी माणसं असतात, मामाकडून पार्सल मागवायचे दिवस गेले. मी सांगितलं की माझं गटिंग मामाच करणार. शेवटी तडजोड अशी ठरली, की पुढच्या पार्सलचा ताण ते आधी मोजणार आणि पौंडाचाही फरक निघाला तर तुझं काम बंद.

एक आपलं सहज विचारते. तुझं मशीन शेवटचं कधी तपासलंस? आणि काम करताना मामीला जवळ बसवत जा. तुझी तंद्री लागली की चहा समोर ठेवून हाक मारली तरी तुला पत्ता नसतो.

पोरीवरचा लोभ घट्ट ओवलेला असू दे.
तुझी भिंगरी


१९ जून

चि. भिंगरीस,
मामीचा गोड आशीर्वाद.
हे दुकानात गेलेत, तेवढ्यात लिहून घेते.

तुझं पत्र यांनी चार वेळा वाचलं. चौथ्यांदा, तारा कापून टाकल्या असं लिहिलंयस ना, त्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ बसले. मग विचारलं, प्रवासात तारांची कसली अडचण गं? मी शिवण खाली ठेवली नाही, पण टाके चुकले.

तुला संशय आहेच म्हणून स्पष्ट लिहिते. यांना नीट ऐकू येत नाही. वर्ष होत आलं. दाराची घंटा वाजून वाजून दमते. तार छेडून कानाशी धरतात आणि मान डोलवतात, ती नुसती सवय. मार्चमध्ये मी म्हटलं होतं, तुमचं मशीन तार ओढताना टुक् करतं. यांनी ते कानामागे टाकलं. म्हणाले, ते तुझं शिलाई मशीन असेल. पस्तीस वर्षं कपडे शिवतेय मी, माझ्या मशीनचा आवाज मला कळत नाही होय?

परवा भर दुपारी दुकान बंद केलं, एका जुन्या रॅकेटचं गटिंग केलं आणि ती क्रीडासंकुलात नेऊन यंत्रावर मोजून आणली. बावन्न पौंडांवर लावलेली तार सेहेचाळीस निघाली. तार धरणारा चिमटा झिजून घसरत होता. घरी आले ते जेवलेच नाहीत. म्हणाले, पोरीने ती रॅकेट रागाने फोडलीच नव्हती. आणि वर म्हणाले, आता दुकानाला कुलूप लावतो.

कुलूपबिलूप काही लागणार नाही, मी आहे. उद्या यांना कानाच्या डॉक्टरकडे नेते, गोडीने आले तर ठीक, नाही तर ओढून. तू तुझा सराव बघ.

माया आहे, ती लिहायला हवी असं नाही.
तुझी मामी


२८ जून

चि. भिंगरीस,
मामाचे सगळे आशीर्वाद, कापलेला धरून.

तुझी लबाडी कळली. पहिला सेट तू जिंकलीस. मग जुन्या रॅकेटची तार तुटली, तू माझ्या नव्या पार्सलातली काढलीस आणि तुझे चेंडू रेषेबाहेर पडायला लागले. ती बदलून दुसरी घेतलीस, तिचीही तीच गत. मी इथे बसून तुझ्या मनगटाला नावं ठेवत होतो, आणि तार माझी ढिली होती. वजनकाट्याला ती मोजता येऊ नये म्हणून एक तू सगळ्यांसमोर फोडलीस आणि उरलेल्यांच्या तारा कापल्यास. माझी लाज राखायला तू तुझी घालवलीस.

हे मला आवडलेलं नाही. रॅकेट फोडणं चूकच, आणि मला न सांगणं त्याहून मोठी चूक. मी काय काचेचा आहे? ढिलं काम केलंस मामा, एवढं लिहिलं असतंस तर मी दोन दिवस फुगलो असतो आणि तिसऱ्या दिवशी चिमटा बदलला असता.

चिमटा आता बदलला आहे. मशीनला दुकानातली प्रमाणित वजनं टांगून ताण तीनदा पडताळला. कानात यंत्र बसवलं आहे. पहिले दोन दिवस मामीच्या बांगड्यासुद्धा डोक्यात वाजत होत्या, काढून फेकावंसं वाटलं. मामीने डोळे वटारले, मग राहू दिलं. तार ओवताना ती शेजारी बसते, आणि टुक् झालं की हात वर करते. आठवड्यात एकदाच हात वर केला. तेव्हा ती जांभई देत होती.

सोबत तीन रॅकेटी आहेत. एकोणीस वेळा तारा काढून पुन्हा ओवल्या, तेव्हा मनासारख्या झाल्या. तुमचं ठरलंय तसं पिशवी वजनकाट्याच्या हातात दे, तू आधी उघडू नकोस. पौंडाचा फरक निघाला तर मध्ये पडायचं नाही, त्यांचा माणूस लाव. माझ्यासाठी पुन्हा काही फोडायचं नाही.

कळावे. लोभ आहे, आणि आता तो मोजून घेतला तरी चालेल.
तुझा मामा


८ जुलै

ती. मामा आणि मामीस,
शि. सा. न. वि. वि.

आधी पिशवीचं सांगते. वजनकाट्यांनी तिन्ही रॅकेटी यंत्रावर लावल्या. बावन्न, बावन्न, बावन्न. यंत्र बिघडलं असेल म्हणून दुसरं मागवलं. त्यावरही तेच. मग चष्मा पुसला आणि मला विचारलं, मामा आणखी दोन खेळाडूंचं काम घेतील का? मी म्हटलं, मामीला विचारावं लागेल.

आता कालचं. समोर पहिलं मानांकन. पहिला सेट तिने माझ्याकडून हिसकावून घेतला, दुसरा मी घेतला. तिसऱ्यात टायब्रेक, आणि मी पाच-सहा अशी मागे. त्याआधीचाच गुण मी डबल फॉल्ट करून घालवला होता. राग असा चढला की रॅकेट डोक्यावर गेली. अंपायर खुर्चीत पुढे सरकला. मला तुझ्या एकोणीस वेळा आठवल्या. हात खाली आणला, तार छेडली आणि रॅकेट कानाशी धरली. टण्. पुढचे तिन्ही गुण माझे, मामा. मी जिंकले!

पत्रकारांनी विचारलं, रॅकेट फोडता फोडता थांबलात कशा? मी म्हटलं, हिचा आवाज चांगला लागलाय. त्यांना काही कळलं नाही, त्यांनी तसंच छापलं.

परवा उपांत्य फेरी. दोघांचा लोभ पाठीशी असावा.
तुमची भिंगरी


१२ जुलै

चि. भिंगरीस,
मामाचे न मोजलेले आशीर्वाद.

उपांत्य फेरीत हरलीस, पण शेवटच्या चेंडूपर्यंत धावलीस आणि हसत हात मिळवलास. तुझ्या आईने यावेळी टीव्ही बंद केला नाही.

मी निघालो होतो तुझी कानउघाडणी करायला, आणि कान उघडले माझे. त्याआधीच्या मॅचमध्ये, टायब्रेकला तू तार छेडलीस ना, तेव्हा मामी आणि तुझी आई एकमेकींकडे बघत होत्या, काय झालं म्हणून. त्यांना काही ऐकू आलं नाही. मला आलं.

रविवारी फोन कर.

लोभ तसाच, मशीन ठीक.
तुझा मामा