मर्व्हच्या शेवटच्या सांबराचं कातडं

मी, नोरीन पार्फिट, कै. मर्व्ह पार्फिट यांची पत्नी, राहणार डार्गो, व्हिक्टोरिया, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व स्वखुशीने लिहून ठेवते. गुडघे गेलेत, डोकं जागेवर आहे. या दरीत सांबरं मारणारे पुष्कळ झाले. त्यांची कातडी टिकवणाऱ्यांत पहिलं नाव माझं. उगाच नम्रपणा कशाला?

राहतं घर, बँकेतली शिल्लक व बंदुका माझा मुलगा डॅरिल यास मिळाव्यात. नेम अगदी बापासारखा. पण गरम कातडं प्लास्टिकच्या पिशवीत कोंबायचं, गाडीत टाकायचं आणि आधी बिअर प्यायला जायचं, ही त्याची तऱ्हा. घरी येईतो केस मुठीने हातात येतात. वर मलाच विचारतो, "आई, मीठ कमी पडलं का गं?" मीठ नाही रे बाबा, अक्कल!

माझे दीर क्लाइव्ह यांनी उन्हात कुंपणावर वाळवलेलं कातडं त्यांना परत द्यावं. पत्रा झालाय त्याचा. कोंबड्यांच्या खुराड्यावर चालेल.

मागची शेड, खरवडायची सुरी, कातडं पसरायचा ओंडका व मिठाची पिंपं माझी सून इव्हेट हिची. डॅरिलला तिथे गॅरेज काढायचंय, ठाऊक आहे मला. काढू नये.

कारणही लिहिते. मर्व्ह डोंगरावर सांबर पाडून तिथेच छाती धरून कोसळला. पुरुषांनी त्याला खाली आणलं. नवी नवरी इव्हेट एकटी मागे राहिली. संध्याकाळी पाठीवर ओझं घेऊन दारात उभी! म्हणाली, "आई, सावलीत सोललं. मांस खरवडलं, पार कडेपर्यंत मीठ चोळलं. तंबूतलं सगळं मीठ संपलं."

"उतारावर ठेव, पाणी निथळू दे," मी म्हणाले. "उद्या ओलं मीठ झटकून नवं घालू." मग दोघी गळ्यात पडून रडलो. ते कातडं आम्ही दोघींनीच कमावलं. भांडण झालं की डॅरिल अजून तिला टोचतो, "बाबा गेले तेव्हा तुला कातडं सुचलं!" अरे, तुझ्या बापाची शेवटची शिकार तिने सडू दिली नाही.

ते कातडं माझ्या पलंगावर आहे. दफनाच्या दिवशी शवपेटीवर घालावं. डॅरिलने सर्वांदेखत केस ओढून पाहावा. पेटी खाली सोडण्याआधी त्यानेच ते उचलून आपल्या हाताने बायकोच्या खांद्यावर घालावं. मर्व्हकडे मी जातेच आहे. इतकं चांगलं कातडं मातीत घालायला मी काही वेडी नाही.

स्थळ: डार्गो. दि. ४ जून २०१९
सही: नोरीन पार्फिट

समक्ष सही करणारे साक्षीदार:
१. ग्लेनिस टरव्ही, शेजारीण
२. क्लाइव्ह पार्फिट, दीर (कातडं नको म्हणतात, तरी द्यावं.)