उंच पिंपं

४ मे १८८५

पोचलो एकदाचे! कोलोनहून सुटलेली आगगाडी भर दुपारी टेकडीखाली थांबली. झेलीने आधी माझी हत्यारांची पेटी खाली दिली, मग बोचकं, आणि मग घागरा सावरत स्वतःच उडी मारली. रुळांवर बसलेले मार्तिनिक बेटावरचे काळे मजूर खो खो हसले. तीही हसली. गेली दोन वर्षं मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

गावाकडे, शारांतमध्ये, द्राक्षवेलींच्या मुळांना कीड लागली आणि मळेच्या मळे वाळून गेले. द्राक्षं नाहीत तिथे ब्रँडी नाही, आणि ब्रँडी नाही तिथे पिंपं कोण घेणार? आमच्या घरात तीन पिढ्या पिंपांशिवाय दुसरं काही केलेलं नाही. इथे, दोन समुद्र जोडायला खोदताहेत त्या कालव्यावरच्या एका इस्पितळाला पिंपवाला हवा आहे असं कळलं, तेव्हा मी घुटमळलो. झेलीच म्हणाली, “ओनेसीम, उठ. इथे बसून आपण दोघंही वेलींसारखे वाळू.”

टेकडीच्या माथ्यावर इस्पितळ, पायथ्याशी रुळांना लागून माझी शेड, आणि शेडमागे आम्हा नवरा-बायकोला खांबांवर उभं केलेलं दोन खोल्यांचं घर. शेडमध्ये वाळलेल्या ओकच्या फळ्या रचून ठेवल्या आहेत. वास घेतला आणि डोळे भरून आले. रात्रीच्या जेवणाला तळलेली कच्ची केळी. झेली म्हणे, डोळे मिटून खा, बटाटाच आहे.

९ मे

मोठे डॉक्टर कुर्तादों आज स्वतः शेडमध्ये आले. लहानखुरा माणूस, हात बाईसारखे स्वच्छ. माझ्यासारख्यालाही ‘आपण’ म्हणतात. म्हणाले, कालव्याच्या आड डोंगर येत नाही, नदी येत नाही, पिवळा ताप येतो. आपण सगळे इथे त्याच्याशी लढायला आलो आहोत, तुम्हीही. ऐकून ताठ झालो. आजवर माझ्या पिंपांनी फक्त लोकांना पाजलं होतं.

पहिलं काम काथवटींचं. मुंग्या पलंगावर चढून रोग्यांना फोडून काढतात, म्हणून पलंगाच्या प्रत्येक पायाखाली पाण्याने भरलेली एक उथळ काथवट ठेवायची. ते झालं की उंच पिंपं करायची. तोंड रुंद, आणि स्पिरिटचा थेंब गळता कामा नये. कशासाठी, म्हणून विचारलं. औषधी कामासाठी, म्हणाले.

झेलीलाही वॉर्डात काम मिळालं, सिस्टर पर्पेतूच्या हाताखाली. काथवटींतलं पाणी आटू द्यायचं नाही, हे तिचं मुख्य काम. मी केलेल्या भांड्यांत ती पाणी घालणार. तिला याची फार गंमत वाटली.

२६ मे

पाऊस लागला आहे. काथवटी सगळ्या वॉर्डांत पोचल्या, मुंग्या बंद झाल्या, सिस्टरने मला पेरूचा मुरंबा पाठवला.

झेली सांगत होती, काथवटींतल्या पाण्यात बारीक किडे वळवळतात. ती त्यांना नाचऱ्या म्हणते. पाणी ओतून देऊ का, असं तिने विचारलं, तर सिस्टर म्हणाली, एवढं पाणी टेकडीवर चढवायचं आणि ओतून द्यायचं? वरून भर घाल, झालं. धाकटे डॉक्टर सोकारास आहेत, हवानाचे. जेवणाच्या टेबलावर ते म्हणाले की त्यांच्या गावचा एक डॉक्टर सांगतो, हा ताप डासच माणसामाणसांत नेतो. हे पाणी फेका, नाहीतर आपणच ताप पाळतो आहोत. कुर्तादोंनी विचारलं, “नेतो तो कसा? पिशवीत घालून?” सगळं टेबल हसलं. झेलीने नक्कल करून दाखवली, मीही पोट धरून हसलो.

सोकारासना आज सकाळच्या गाडीने परत पाठवलं. जाताना वॉर्डातल्या दोन काथवटी त्यांनी लाथेने उलट्या केल्या म्हणे. झेलीने पुन्हा भरल्या.

१५ जून

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

माझ्या हाताखाली फुल्जांस नावाचा मार्तिनिकचा गडी आहे. अंगाने दांडगा, तोंडाने त्याहून. माझ्या चालीवरून, माझ्या गोऱ्या नाकावरून दिवसभर टोमणे चालू. आज वरून तीन भरलेली उंच पिंपं आली. ती लोळवत गाडीपर्यंत न्यायची होती. दोन नेली. तिसऱ्यापाशी तो थांबला. मी म्हटलं, चल रे, गाडी सुटेल. तो म्हणाला, “मिस्त्री, ह्यात माझा आतेभाऊ आहे. त्याला लोळवत नेऊ?”

मला आधी थट्टा वाटली. मग त्याचा चेहरा पाहिला.

तसाच टेकडी चढून डॉक्टरांकडे गेलो. ते जराही चिडले नाहीत. खुर्ची दिली. म्हणाले, युरोपातल्या वैद्यकीय शाळांना शरीरं लागतात, त्या पैशांतून इस्पितळाला औषधं मिळतात, आणि फाडून पाहिल्याशिवाय हा ताप कळायचा कसा? ज्यांचं कोणी नाही अशांनाच आपण पाठवतो. त्यांच्यामागे रडणारं कोण आहे?

फुल्जांस आहे, असं माझ्या ओठांवर आलं होतं. मी मान हलवली आणि उतरलो.

झेलीला सांगितलं तर तिने ताट बाजूला सारलं. ही पिंपं करू नकोस म्हणाली. मी म्हटलं, मग काय करू, परत जाऊन वाळलेल्या वेली मोजू? आणि आपल्या माणसांना तर ते पुरतातच, क्रूस उभे आहेत, जाऊन बघ. ती म्हणाली, “आपली माणसं म्हणजे कोण रे?”

तिसरं पिंप मी स्वतः नेलं. लोळवलं नाही, हातगाडीवर नेलं. तेवढं केलं.

२ जुलै

उंच पिंपं दुप्पट हवीत. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत ठोकतो. ल हाव्र बंदरातून आलेले नवे कारकून उतरताना गाडीच्या पायऱ्यांवर उभे राहून गात होते, त्यांतले निम्मे आता वर इस्पितळात आहेत. पाय मोडून आलेलाही आठवड्याने पिवळा पडतो. डॉक्टर सांगतात, जमिनीतून विषारी वाफ येते. डांबर जाळतात. धुराने डास वॉर्डातून उठतात आणि आमच्या घरात येतात.

फुल्जांस आता टोमणे मारत नाही. काम करतो, जातो.

८ जुलै

झेलीला थंडी वाजून ताप. कंबर मोडल्यासारखी दुखते म्हणते. उन्हात पाणी वाहून दमली असेल. दमलीच आहे.

१० जुलै

तिला वर नेलं. सिस्टरने खिडकीजवळचा पलंग दिला. चार पायांखाली चार काथवटी, माझ्याच हातच्या. मला शेडमध्ये जायला सांगितलं, पिंपं थांबता कामा नयेत.

१२ जुलै

ताप उतरला! उठून बसली, सूप प्यायली, माझी दाढी वाढली म्हणून रागावली. घरी नेऊ का, विचारलं. सिस्टरने माझ्याकडे पाहिलंच नाही, उशी झटकत राहिली. झेलीच्या डोळ्यांचं पांढरं पिवळं झालं आहे. बाकी छान आहे. खरंच छान.

१३ जुलै

काळी ओकारी. कॉफीच्या चोथ्यासारखी. तिच्या हनुवटीवरून मी पुसतो आहे आणि पुन्हा — तिने विचारलं, ओनेसीम, हे माझ्यातून येतंय का? मी नाही म्हणालो.

माझं डोकं फुटतंय. कंबर —

२९ जुलै

बोरू धरवत नाही. जिवंत आहे.

झेली गेली. कधी ते सिस्टर नीट सांगत नाही. म्हणाली, तू भ्रमात होतास, तुझी आशा आम्ही सोडली होती. आज मला धरून स्मशानात नेलं. पांढरा क्रूस. झेली ब्रिकू. ओली माती. मी तिच्यावर हात ठेवून बसलो.

निदान माती मिळाली.

१ ऑगस्ट

शेडमध्ये उतरलो. घरात जाववत नाही, तिचा घागरा खुंटीला आहे. मी आजारी असताना पिंपांची झाकणं कोणीतरी बसवली, भयंकर बसवली आहेत. एक गळतं आहे. डॉक्टरांचा निरोप आला की उद्या दुपारच्या गाडीआधी ते घट्ट करून द्या. मुद्दाम विनवलं आहे. उघडायचं नाही, फक्त वरची लोखंडी कडी आवळायची.

२ ऑगस्ट

कडी आवळली. गळती थांबेना. झाकणाखालची खाचच चुकली आहे. उघडल्याशिवाय होत नाही. कुठलाही पिंपवाला उघडेल. मी उघडलं.

मनगट वर होतं. डावं. त्यावर भाजल्याचा चंद्रकोरीसारखा डाग. लग्नाच्या वर्षी माझ्या हातून तापलेलं कडं निसटलं होतं, तो —

केस कापले आहेत. तिचे केस कोणी कापले?

शेजारी रिकामं उंच पिंप. त्यावर खडूने माझं नाव. नावावर काट.

फुल्जांस दारात होता. टोपी हातात. म्हणाला, मी डॉक्टरांना सांगितलं होतं, मिस्त्री जिवंत आहे. ते म्हणाले, उद्यापर्यंत. गोऱ्या बाईचं शरीर शाळेला हवं होतं, असं कधी मिळत नाही. क्रूसाखाली काय आहे, मी विचारलं. तो म्हणाला, दगड.

त्याला जा म्हणालो. तो गेला नाही. रुळांकडे तोंड करून बाहेर उभा राहिला.

नंतर

दाराला अडणा लावला. तिला बाकावर निजवलं, घागरा आणून पांघरला. किती हलकी.

शवपेटी मला येत नाही. जन्मभर गोलच केलं. चार सरळ फळ्या आणि — जमेल. जमायला हवं.

गाडीची शिट्टी. डॉक्टर खाली आले आहेत. सोबत माणसं. दाराबाहेरून अजूनही आपणच म्हणतात. म्हणतात, समजूतदारपणे घ्या, आपल्या पत्नीमुळे उद्या किती जणांचे प्राण वाचतील. म्हणतात, गाडी थांबली आहे.

फुल्जांसचा आवाज. मोठ्याने. मग काही पडल्याचा. मग नाही.

झेलीला सांगितलं, घाबरू नकोस.

पहारीने दार उचकटताहेत. वरची बिजागरी निखळली. फळ्या तासायचा वाकस हाताशी आहे, सकाळीच धार लावली होती. झेली, तू भिंतीकडे तोंड कर, इकडे बघू नकोस, मी आता —