सहावी टिक

३ नोव्हेंबर, रविवार
"न आलेल्याला आला म्हणू नये, बाय. मग त्याला यावंच लागतं." पप्पा अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर म्हणाले होते. मी आठ वर्षांची. शेजारच्या बाईचं रडणं थांबावं म्हणून, तिच्या नवऱ्याची होडी दिसली, असं मी खोटंच सांगितलं होतं. आज विमान समुद्रावरून खाली येताना ते का आठवलं, कोण जाणे. बाकी आखातातला पहिला दिवस छान गेला. अल नहदातली खोली अकराव्या मजल्यावर आहे, लहान पण स्वच्छ. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा माझ्या एकटीची किल्ली. ती उशाशी घेऊनच झोपणार आहे.

५ नोव्हेंबर
ऑफिस रोल्लात, घड्याळांच्या दुकानाच्या वर. आम्ही परदेशी मच्छीमार बोटींना माणसं पुरवतो. नॉर्वेच्या उत्तरेला एका बोटीवर आपले सहा जण आहेत, वसई-उत्तनचे. डेकवरची पाळी संपवून आत आलं की प्रत्येकाने स्वतःच्या आवाजात 'आलो' असा मेसेज पाठवायचा. इथल्या तीन वाजता मी ते ऐकायचे, नावापुढे टिक करायची आणि यादी कप्तानाला पाठवायची. एक कमी पडला तर लगेच फोन. साहेब, सतीश सर, पुण्याचे. म्हणाले, अ‍ॅलिस मॅडम, एवढं एक चुकवू नका, बाकी सगळं इन्शाल्ला.
उत्तनचा बर्नार्ड नेहमी शेवटचा. "आलो, बाय. आधी हात शेकले, मग तुझी आठवण झाली." कोणी मला बाय म्हणून किती वर्षं झाली.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार
पाच 'आलो' आले, बर्नार्डचा नाही. सर मला घरी सोडणार होते. खाली गाडी सुरू करून मला फोनवर यल्ला, यल्ला म्हणत घाई करत होते. बर्नार्डला रोजच उशीर होतो. सहावी टिक मीच केली.

२४ नोव्हेंबर
सरांचा घरी फोन. बर्नार्ड बोटीवर नाही. शनिवारी सकाळी त्याचं अंथरूण तसंच घडी केलेलं दिसलं. पाणी चार अंश. शुक्रवारी तीनला तो आत होता असं माझी यादी म्हणते, म्हणून बोट त्यानंतर जिथून गेली तेवढ्याच पाण्यात शोधतायत.
मी सरांना त्या खोट्या टिकबद्दल सांगितलं. म्हणाले, आता यादी बदलली तर तुम्ही आणि मी दोघंही खलास, आणि चार अंशांत इतका वेळ कोण राहतं.
यादी मी तशीच ठेवली.

२६ नोव्हेंबर
बर्नार्डची बायको क्रिस्टिना फोनवर होती. शुक्रवारचा त्याचा 'आलो' पाठवा म्हणाली. शेवटचा आवाज, लेकीला ऐकवायचाय. शोधते म्हटलं.
आज शोध थांबवला.

२७ नोव्हेंबर
तीन वाजता बर्नार्डच्या नंबरवरून मेसेज. त्याचा फोन तर त्याच्या खिशातच होता, त्याच्याबरोबर बुडाला. चाळीस सेकंद नुसता पाण्याचा आवाज. सरांना ऐकवला. त्यांना काहीच ऐकू आलं नाही.

२८ नोव्हेंबर
पुन्हा. पाण्यामागे कोणाचे तरी दात वाजतायत.

२९ नोव्हेंबर
आज पाणी नाही. हॉर्न, फेरीवाला. हा आमच्या ऑफिसखालचा रस्ता —

१ डिसेंबर
सुट्टी. घरीच. मेसेजमध्ये आमच्या इमारतीची लिफ्ट. ती यांत्रिक बाई मजले सांगते. आठ. नऊ. दहा. तो 'आलो' म्हणत नाही. म्हणवत नसेल, ओठ गोठून —

२ डिसेंबर
टिक पुसली. कप्तानाला खरं कळवलं. क्रिस्टिनालाही. तिने वाचलंय.
तीन वाजले. मेसेज नाही.
दाराखालून पाणी. पाय ठेववत नाही इतकं गार —

"आलो, बाय."
फोनमधून नाही.

बर्नार्ड, टिक पुसली रे मी. तू आला नाहीस. आता तुला यावं लागत नाही. परत जा कसं म्हणू, कुठे जाशील — पण हात शेकायला आत नको. माझ्याकडे नको. एवढं एक ऐक, दाराच्या बाहेरच —