माझ्या पायाशी असलेला ब्रेक

२ फेब्रुवारी, सोमवार

प्राचार्यबाईंना 'हो' म्हणून बसलो. कॉलेजात अकरावी-बारावीच्या मुलांना चार तास शिकवायचे — गाडी चालवताना फोन, गप्पा, खाणं, मागे वळून बघणं, या सगळ्यानं काय होतं ते. "बावीस वर्षं गाडी शिकवताय, तुमच्याइतकं अधिकारानं कोण बोलणार?" म्हणाल्या. अधिकार! पेलाभर पाणी एका दमात पिऊन टाकलं. नाही म्हणायला कारण हवं होतं, आणि खरं कारण तोंडातून निघण्यासारखं नव्हतं.

घरी सांगितलं तर ही म्हणाली, "चला, घरात कुणी ऐकत नाही, तिथे तरी ऐकतील."

३ फेब्रुवारी, मंगळवार

पहिला तास. मैदानात खडूनं लांब रेघ ओढली, शेवटी एक बाक ठेवला. "रेघेवरून चालायचं, आणि चालता चालता फोनवर स्वतःचा पूर्ण पत्ता टाइप करायचा." वर्गातला सगळ्यात आगाऊ पोरगा पुढे आला. घराच्या नंबरापर्यंत रेघेवर होता, गल्लीच्या नावाला रेघ सुटली, गावाच्या नावाला बाकावर आदळला. पोरं खिदळली. मीही हसलो. मग अगदी साळसूदपणे सांगितलं, "गाडीत बसलात की फोन डिकीत. खिशात नाही, मांडीवर नाही — डिकीत."

दोन वेण्या घातलेल्या एका मुलीनं हात वर केला. "सर, तुमच्या हातून कधी झालंय असं?"

"नाही," म्हणालो. इतक्या पटकन, की माझं मलाच नवल वाटलं.

४ फेब्रुवारी, बुधवार

अर्ध्या जेवणावरून उठलो. ही विचारत होती, भाजी बिघडली का. भाजी उत्तम होती.

५ फेब्रुवारी, गुरुवार

लिहूनच टाकतो. इथे मला कोण अडवतंय.

गेल्या जूनमधली गोष्ट. ती मुलगी नुकती अठराची झालेली, त्याच कॉलेजातली, माझ्याकडे गाडी शिकायला आली. वीसच्या पुढे काटा जाऊच द्यायची नाही, म्हणून मी तिचं नाव कासव ठेवलं. रागवायची नाही, हसायची. त्या संध्याकाळी पावणेसहाच्या सुमाराला आम्ही बाजारामागच्या रस्त्यावर होतो. वळणावर घड्याळ दुरुस्तीवाले काका सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होते. ती दचकली. पाय ब्रेकवर जायचा तो ॲक्सिलरेटरवर पडला. काका सायकलसकट खाली. उजवं मनगट मोडलं.

शिकणाऱ्याचा पाय चुकतोच. पहिल्या महिन्यात सगळ्यांचा चुकतो, माझाही चुकला होता. म्हणून तर शिकवायच्या गाडीत शेजारी बसणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. माझ्या पायाशी! बावीस वर्षांत हजार वेळा दाबला असेल. त्या दिवशी दाबला नाही, कारण माझी मान खाली होती. फोन मांडीवर होता आणि मी एका मेसेजला उत्तर लिहीत होतो. मान वर केली ती धडक बसल्यावर.

तिनं मला पाहिलं नाही. तिचे डोळे रस्त्यावर होते — जिथे असायला हवेत तिथे. खाली उतरून रडत एकच म्हणत होती, "माझा पाय चुकला, सर, माझा पाय चुकला." आणि मी म्हणालो, "होतं असं."

काकांनी तक्रार केली नाही. "पोर शिकतेय अजून," म्हणाले. ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांनी विम्याचा कागद माझ्यापुढे सरकवला. अपघाताचं कारण: शिकणारीचा पाय चुकला. खोटं एक अक्षर नाही त्यात. सही माझी.

७ फेब्रुवारी, शनिवार

आठ महिने काकांच्या दुकानावरून जायचं टाळत होतो. आज पाय तिकडे वळले. कासव तिथेच! काकांच्या शेजारी स्टुलावर, हातात बारीक चिमटा. दर शनिवारी येते म्हणे.

"माझ्या उजव्या हातात चिमटा ठरत नाही आता," काका म्हणाले. "मग स्क्रू ही उचलून देते. नजर चांगली आहे पोरीची."

मला बघून तिला आनंद झाला. तेच सहन होईना. काहीतरी बोलायचं म्हणून मूर्खासारखं विचारलं, "मग, गाडी पुन्हा कधी सुरू करायची?"

"नाही, सर. माझ्या हातात गाडी देणं बरोबर नाही." अगदी शांतपणे म्हणाली, जणू तिला तिचा रक्तगट विचारला होता.

सांगता आलं असतं. दुकानात आम्ही तिघंच होतो. "बरंय, निघतो," म्हणालो आणि निघालो.

९ फेब्रुवारी, सोमवार

दुसरा तास बरा गेला. निघताना प्राचार्यबाईंनी थांबवलं. शुक्रवारी शेवटचा तास सभागृहात, सगळ्या मुलांसाठी. "तुमच्या त्या विद्यार्थिनीला बोलायला सांगितलंय. लक्ष नसलं की काय होतं, ते तिच्याच तोंडून ऐकलं की पोरांच्या मनावर बसेल."

"ती तयार झाली?"

"लगेच. म्हणाली, माझ्यामुळे एक जण जरी सावध झाला तरी पुरे."

म्हणजे ती तीनशे पोरांसमोर उभी राहून माझी चूक आपली म्हणून सांगणार. आणि मी बाजूच्या खुर्चीत, प्रमुख पाहुणा.

१० फेब्रुवारी, मंगळवार

ताप आलाय असं कळवावं का? थर्मामीटर दोनदा लावून बघितला. नाही आलेला.

११ फेब्रुवारी, बुधवार

तिसरा तास उरकला. काय शिकवलं ते आठवत नाही.

तो मेसेज कुणाचा होता, तेही लिहितो. कासवाच्या आईचा. आमच्या धंद्यात ही पद्धतच पडून गेलीय — पोर स्टिअरिंगवर बसली की आईबापांचा जीव टांगणीला, मग ते मध्येच विचारतात आणि आम्ही मध्येच उत्तर देतो. उत्तर नाही दिलं तर पालक नाराज, पालक नाराज तर मालक नाराज. 'कशी चालवतेय?' असं आईनं विचारलं होतं. 'छान. अजिबात काळजी नको,' मी लिहिलं. पाठवलं. बोट अजून काचेवर होतं तेवढ्यात धडक.

घरी येऊन पहिल्यांदा काय केलं असेल, तर तो मेसेज माझ्या फोनवरून पुसला. पुसला म्हणजे संपलं, असं वाटलं. इतकं सोपं असतं तर!

खरं सांगितलं तर काम जाईल. पंचावन्नाव्या वर्षी मला दुसरं काय येतं? पण ती परवा उभी राहणार आहे. आणि तिनं एकदा ते सगळ्यांसमोर म्हटलं, की मग ते जन्मभर तिचंच.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

हिला सांगितलं. भाजी निवडत होती. हात थांबले. मग म्हणाली, "आठ महिने? ती पोर आठ महिने—" आणि उठून आत गेली. थोड्या वेळानं चहा आणून ठेवला. एरवी शेजारी बसते. आज बसली नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

सभागृह गच्च भरलेलं. कासव माइकजवळ गेली. चिठ्ठी आणली होती, पण ती न बघताच बोलली. "मी गाडी शिकत होते. माझं लक्ष नव्हतं. कुठे होतं ते अजून आठवत नाही, खूप आठवून बघितलं. पण असणार दुसरीकडे कुठेतरी, नाहीतर पाय—"

मी उठलो. "थांब. तुझं लक्ष रस्त्यावर होतं. माझं नव्हतं."

मग सगळं सांगितलं. पाय का चुकतो, माझ्या पायाशी ब्रेक कशासाठी असतो, मांडीवर काय होतं, कोणत्या कागदावर मी सही केली. दोन वेण्यांची मुलगी पुढेच बसली होती. तिला म्हणालो, "त्या दिवशी तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोललो." मेसेज कुणाचा होता ते मात्र सांगितलं नाही. 'एका मेसेजला उत्तर देत होतो,' एवढंच. त्या माउलीचा काय दोष?

कुणी टाळी वाजवली नाही. बरं झालं. प्राचार्यबाई चष्मा पुसत राहिल्या.

कासवानं चिठ्ठीची घडी घातली, उलगडली, परत घातली. "म्हणजे मी बघत होते?"

"हो. तू नीट बघत होतीस."

रडली नाही. माझ्याकडे न बघता बाहेर गेली. इतकं बोललो, आणि माफी मागायची तेवढी राहून गेली.

१४ फेब्रुवारी, शनिवार

मालकांना खरं काय ते लिहून दिलं, गाडीची किल्ली टेबलावर ठेवली. त्यांनी किल्ली उचलून खणात टाकली.

मग काकांकडे. त्यांनी डोळ्यावरचं भिंग डाव्या हातानं काढलं आणि शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "मला काय सांगता, मास्तर. तिला सांगितलंत ना?"

स्टूल रिकामं होतं. आज ती आली नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

सकाळी दारात तिची आई. आत या म्हटलं तरी आली नाही. फोन पुढे धरला. माझंच वाक्य, वेळेसकट. "याच्या दुसऱ्याच मिनिटाला तिचा रडत फोन आला होता," म्हणाली. "मला तेव्हाच कळलं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"विचारलं मीच होतं ना." फोन पर्समध्ये ठेवला, पर्स उगाच उघडून पुन्हा लावली. "तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत. आता दोन दिवस ती मला विचारतेय — आई, सरांना तेव्हा कुणाचा मेसेज आला असेल गं?"