मावशीआजीचा कोरा चेहरा

३ तारीख, शनिवार
शाळा सोडली ते बरंच झालं. हिरॉइनला दहावी लागत नाही. मावशीआजी तरी कुठे पास होती? ब्लॅक अँड व्हाइटमध्ये चौदा पिक्चर केले. आता तिला भात मी भरवते. आई म्हणाली, पुढच्या एक तारखेपासून माझ्याबरोबर पॅकिंगला चल. मी ठणकावून नाही म्हटलं. मनात.

५ तारीख
मावशीआजीला विचारलं, नवरा आगगाडीनं निघून जातो त्या क्लोज-अपला सगळं थिएटर रडायचं, तेव्हा तू मनात काय आणायचीस? म्हणाली, काही नाही गं. डायरेक्टर म्हणायचे, तू चेहरा कोरा ठेव, रडायचं ते तिकीट काढलेले रडतील.
एवढंच? हे मला उपजतच येतं. वर्गात बाई म्हणायच्या, हिच्यापेक्षा भिंत बरी.

८ तारीख
रविवारी एक डायरेक्टर येणार, मावशीआजीवर फिल्म काढायला. प्लॅन: चहा मी नेणार. खिडकीपाशी थांबणार. डावी बाजू, चेहरा कोरा. रोल पक्का.
आरशासमोर प्रॅक्टिस केली. आई म्हणाली, दाढ दुखतेय का?

११ तारीख, रविवार
डायरेक्टर आले. चहा आईनं नेला. मी दाराआड होते. पहिल्याच भेटीत दिसलं की भाव उतरतो. मावशीआजी हाका मारत होती, अगं ये की बाहेर, बघू दे त्यांना, खात नाहीत ते.
शूटिंगला नक्की.

१५ तारीख, सकाळ
मावशीआजीला चहा नेला. उठेना. हलवलं.
आई धाय मोकलून रडली. मला काहीच झालं नाही. प्रॅक्टिस कामी आली.

१५ तारीख, दुपार
डायरेक्टर कॅमेरा घेऊन धावत आले. मी उशाशी बसले होते. खिडकीचा उजेड, डावी बाजू, सगळं जमलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. बघतच राहिले. जवळ आले. हळूच म्हणाले, बाळ, जरा सरकतेस का? आजींवर तुझी सावली पडतेय.
सरकले.

१ तारीख
निघायच्या आधी सवयीनं तिचाही चहा ओतला. परत पातेल्यात टाकला.
पॅकिंगला खोकी चिकटवायची असतात. सुपरवायझर बाई म्हणाल्या, अगं, डोळ्यात धूळ गेली का? हो म्हटलं. चेहरा कोराच होता माझा. पाणी नुसतं येत होतं. थांबेचना.
तिकीट तर मी काढलं नव्हतं.